आंबिलीतले जीव

मुखेडच्या शाळामास्तरांची समीक्षा लहानपणापासून प्रश्नांची पोरगी म्हणून गावाला ठाऊक होती. आठवडी बाजारात कल्हईवाल्यासमोर तासन् तास बसायची आणि नवसागराचा धूर पांढराच का निघतो, म्हणून त्याला भंडावून सोडायची. ताप आला तर डॉक्टरलाच तपासायची. "ही पोरगी सासरी गेली की आठ दिवसांत माघारी येईल," असं शेजारणी म्हणायच्या. "सासूलाच विचारील, तुम्ही अशा का वागता म्हणून."

झालं उलटंच. सासरच्यांनी तिला घरात ठेवून घेण्याऐवजी शिकायला लावून दिलं.

तिचा नवरा धम्मदीप कंधारचा. दोघांची ओळख नांदेडला शिकताना वाचनालयात झाली, तीही खिडकीजवळच्या जागेवरून भांडण करून. दोन्ही घरं बौद्ध, दोन्ही घरांत बाबासाहेबांच्या फोटोखाली पुस्तकांचं कपाट. त्यामुळं नकार द्यायला कोणाला कारणच सापडलं नाही. धम्मदीपला लातूरच्या इंजिनिअरिंग कॉलेजात प्रवेश मिळाला, समीक्षानं लातूरच्याच दुसऱ्या कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला नाव घातलं, आणि मधल्या उन्हाळ्यात विहारात लग्न लागलं. सासरे केरबा एसटीत कंडक्टर होते. निरोप देताना ते म्हणाले, "लग्न झालं म्हणून शिकणं सुटलं, असं कानावर आलं तर मी लातूरला येईन. मला तिकीट लागत न्हाई, ध्यानात ठेवा."

भूकंपाला तेव्हा पाच वर्षं होत आली होती. लातुरात नव्या माणसाशी लोक दोनच गोष्टी बोलायचे. एक, त्या पहाटे कोण कुठं झोपलं होतं. दुसरी, कोणाचं पोरगं कोणत्या क्लासला जातं. गल्लीगल्लीत शिकवण्यांच्या पाट्या लागल्या होत्या. निकाल लागला की पेपरात गुणवंतांचे एवढे फोटो यायचे, की त्यात आपल्या ओळखीचा चेहरा हुडकायला सकाळ जायची. घरं असलेली माणसं स्वतः एका खोलीत सरकून बाकीच्या खोल्या पोरांना भाड्यानं देत होती. पाठीवर दप्तर अन् हँडलला डबा अडकवलेल्या सायकलींनी रस्ते भरून वाहत होते.

या गर्दीत ह्या दोघांना गच्चीवरची एक खोली मिळाली. घरमालकीण अख्तरीबेगम. त्यांची मुलगी तूबा समीक्षाच्याच वर्गात होती, तिनंच खोली मिळवून दिली. "मियाँ-बीवी दोनों पढ़ते?" अख्तरीखालांनी दहादा विचारून खात्री केली आणि मग म्हणाल्या, "तो फिर पकाता कौन?"

प्रश्न बिनतोड होता. सकाळी दोघांची कॉलेजं, दुपारी समीक्षाची प्रयोगशाळा, संध्याकाळी धम्मदीप एका क्लासात पोरांचे चाचणीचे पेपर तपासायला जायचा. अखेर असं ठरलं, की भाकरी समीक्षाची अन् कोरड्यास, म्हणजे भाजी-वरण, धम्मदीपचं. पहिल्या महिन्यात त्याच्या पिठल्यात एवढ्या गाठी व्हायच्या, की समीक्षा त्या ताटाच्या कडेला काढून ठेवायची. हळूहळू गाठी गेल्या. मेथीची पातळ भाजी, लसणाची फोडणी दिलेलं वरण, शेंगदाण्याचा म्हाद्या, हे त्याला जमायला लागलं. मग त्याला ऐट चढलीच. रविवारी मित्रांना जेवायला बोलवायला लागला.

मित्र म्हणजे तूबा, आणि धम्मदीपच्या वर्गातला रेवणप्पा. तूबा खालून जिना चढून यायची, ती येताना आईनं केलेलं काहीतरी झाकून आणायची. रेवणप्पा औसा तालुक्यातल्या, भूकंपात पडलेल्या गावाचा. उंच, अबोल. जेवायला नेहमी दारातच बसायचा, एक खांदा चौकटीला टेकवून. त्याला कोणी आत सरक म्हणत नव्हतं.

अशाच एका रविवारी, थंडी पडायला लागली तेव्हा, तूबानं येळवसचा विषय काढला.

"येळवस म्हणजे?" समीक्षानं विचारलं. मुखेडकडं तिनं हा शब्द ऐकला होता, पण घरात कधी काही झालेलं नव्हतं.

"वेळा अमावस्या गं! त्या दिवशी गंजगोलाईच्या बाजारात चिटपाखरू दिसत न्हाई. कर्फ्यू लागल्यागत. सगळं लातूर रानात जातंय. ज्याला रान न्हाई त्याला रानवाले बोलावतात. आमच्या अब्बांना तर चार ठिकाणी बोलावणं असतंय, कुठं जावं ते कळत न्हाई." तूबा बोलता बोलता जेवायचं विसरली. "कडब्याची खोप करतात. भज्जी असती. भजी नव्हं हं, भज्जी! ओला हरभरा, वाटाणा, तूर, शेंगदाणे, रानातल्या पालेभाज्या, सगळं एकात शिजवलेलं. बाजरीचे उंडे. गव्हाची खीर. अन् आंबील! ज्वारीचं पीठ ताकात आंबवून केलेली, मडक्यातली. एका घरची आंबील दुसऱ्या घरासारखी लागत न्हाई."

"का?"

"आता का ते मला काय माहीत?"

समीक्षाचे डोळे चमकले. ती दाराकडं वळली. "तुमच्यात बी असंल ना येळवस? दरसाली जात असाल रानात."

"न्हाई," रेवणप्पा म्हणाला.

"का हो?"

"न्हाई जात, वहिनी."

"पण का? गाव हललं असंल, रान तर तिथंच हाय. भूकंपात रान कुठं जातंय?"

धम्मदीपनं तिच्याकडं पाहिलं, पण शब्द निघून गेले होते. रेवणप्पानं ताटात पाणी सोडलं, हात धुतला, चपला घातल्या आणि जिना उतरून गेला. अर्धी भाकरी तशीच राहिली.

"तुझ्या प्रश्नांना उंबरा असतो का न्हाई?" तूबा गेल्यावर धम्मदीप म्हणाला.

"मला माहीत नव्हतं."

"माहीत नसतं तिथं गप बसावं."

"माहीत नसतं तिथंच विचारतात!"

मग त्यानं सांगितलं. त्या पहाटे रेवणप्पा औशाला शिकायला होता म्हणून वाचला. म्हैस का ओरडते म्हणून आई उठून बाहेर गेली होती, ती वाचली. वडील मलप्पा आणि धाकटी बहीण माळवदाखाली गेले. दगडाच्या भिंती अन् वर हातभर मातीचं छत. दोन दिवस दोघांचं बोलणं बंद होतं. भाकरी अन् कोरड्यास मात्र वेळेवर होत राहिलं. त्या दोन दिवसांत वरणात मीठ नव्हतं, आणि ते कोणी कोणाला सांगितलंही नाही.

त्याच सुमारास कॉलेजात शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पाचे विषय ठरत होते. समीक्षा अन् तूबाची जोडी होती. घरोघरच्या आंबिलीचा अभ्यास करू, असं समीक्षा म्हणाली तेव्हा सरांनी चष्म्यावरून पाहिलं. "यात शोधायचं काय?"

"एका घरची दुसरीसारखी का लागत न्हाई, ते."

सर हसले आणि हो म्हणाले.

तूबाच्या ओळखीतून चार घरांची आंबील मिळवायची ठरली. पण त्याआधी स्वतःला करता आली पाहिजे, म्हणून समीक्षानं कुंभाराकडून एक बिंदगं आणलं. पोटाला गोल अन् गळ्याला बारीक, असं ते मडकं. ज्वारीचं पीठ ताकात कालवलं आणि ठेवून दिलं. पहिल्या खेपेला त्याला असा वास सुटला, की अख्तरीखाला गच्चीवर आल्या. "क्या सड़ा के रखी गे? मेरे कबूतरां भाग गए!" दुसऱ्या खेपेला थंडी इतकी, की पीठ ढिम्म हलेना. समीक्षानं धम्मदीपचा स्वेटर काढला, बिंदग्याला गुंडाळला आणि ते स्टोच्या बाजूला ठेवलं. धम्मदीप कुडकुडत कॉलेजला गेला. पोरांनी विचारलं तर म्हणाला, "स्वेटर आजारी हाय."

त्यानंतर एका संध्याकाळी रेवणप्पा आला. त्या रविवारनंतर पहिल्यांदाच. दारात उभा राहून, काही झालंच नव्हतं अशा आवाजात म्हणाला, "वहिनी, माय येऊन राहिली उद्या, डोळे दाखवायला. आमच्या रूमवर सगळी पोरं. दोन दिवस तुमच्याकडं राहिली तर चालंल का?"

"विचारता काय?" समीक्षा म्हणाली. आणि मग तिनं ठरवलं, की दोन दिवस आपण काहीही म्हणजे काहीही विचारायचं नाही.

दानम्मा आल्या. लहानखुऱ्या, कपाळावर विभूती, डाव्या डोळ्यात मोतीबिंदूचा पांढुरका पडदा. खोलीत पाऊल टाकल्या टाकल्या त्यांची नजर स्वेटरावर गेली.

"हे काय? लेकरू निजवलंय व्हय?"

समीक्षानं लाजत स्वेटर सोडला. दानम्मांनी झाकण काढलं, वास घेतला, बोट बुडवून जिभेवर ठेवलं.

"आंबट झालंय," त्या म्हणाल्या. "आंबलं न्हाई."

समीक्षाच्या घशाशी प्रश्न आला. आंबट होणं अन् आंबणं यात फरक काय? तिनं धम्मदीपकडं पाहिलं. तो तिच्याकडंच पाहत होता. तिनं ओठ दाबून धरले.

दानम्मा खाली बसल्या. "इचार की. तोंड फुगून बसलंय तुझं."

"न्हाई, काकू. काही न्हाई."

"रेवण म्हनला मला, वहिनी लई इचारती म्हणून. मी म्हनलं, बरं हाय." त्यांनी पदरानं बोट पुसलं. "पाच वर्सं झाली. सायबं आले, फोटूवाले आले, परदेशातले लोक आले. किती गेले, काय गेलं, एवढंच इचारलं समद्यांनी. आंबील कशी करायची ते कोणी इचारलं न्हाई. तू इचार."

मग काय! पाटाची फळी काढल्यावर पाणी सुटावं तसं झालं. पीठ जाडं का बारीक, ताक गाईचं का म्हशीचं, लसूण कधी, जिरं कधी, बिंदगं घासायचं का नाही. दानम्मा सांगत गेल्या. काही सांगताना अडखळल्या, काही सांगून पुन्हा बदललं. पीठ दोन रात्री ठेवायचं म्हणाल्या, मग म्हणाल्या, थंडीत तीन, मग म्हणाल्या, वासावर हाय. बिंदगं साबणानं घासायचं नाही, हे मात्र ठामपणे सांगितलं.

"का?"

"का ते मला काय म्हाईत? सासू म्हनली. तिला तिची सासू म्हनली असंल."

समीक्षा हसली. तिला वाटलं, हे आपल्याला कळतं. मडक्याच्या मातीत बारीक छिद्रं असतात, त्यात गेल्या सालचे जीव वस्तीला राहत असणार. ती ते सांगायला लागली. दानम्मा मान डोलवत ऐकत होत्या, आणि मधेच म्हणाल्या, "जीव? आंबिलीत?"

"हो. दाखवते ना तुम्हाला."

दुसऱ्या दिवशी डोळ्याच्या डॉक्टरांनी दानम्मांना तपासलं. डाव्या डोळ्याचं ऑपरेशन उन्हाळ्यात करू म्हणाले, उजवा चांगला आहे म्हणाले. तिथून समीक्षा अन् तूबा त्यांना तडक कॉलेजच्या प्रयोगशाळेत घेऊन गेल्या. सरांनी आधी दरवाजात अडवलं, मग दानम्मांच्या हातातलं फडक्यात बांधलेलं बिंदगं पाहून स्वतःच खुर्ची पुढं केली.

समीक्षानं काचपट्टीवर आंबिलीचा पातळसा थेंब घेतला, वर काचेची चकती ठेवली, भिंगाखाली सरकवलं. एकाच डोळ्यानं पाहायचा सूक्ष्मदर्शक होता, बरंच झालं. दानम्मांनी उजवा डोळा लावला. आधी त्यांना स्वतःच्याच पापण्या दिसल्या. मग नुसता उजेड. समीक्षा हळूहळू स्क्रू फिरवत होती.

"अगं यव्वा!" दानम्मा मागं सरकल्या आणि पुन्हा पुढं झाल्या. "मुंग्या!"

"मुंग्या न्हाईत, काकू."

"हलून राहिलेत की! एकाला पोर चिकटलंय बघ पाठीला."

तूबानं वाकून पाहिलं. "किण्व हाय ते, काकू, यीस्ट म्हणतात ते. त्याला अंकुर फुटलाय. एकाचे दोन होऊन राहिले."

"जिते हायत हे?"

"हो," समीक्षा म्हणाली. "हेच आंबवतात. तुमच्या बिंदग्यात पण हेच होते. म्हणजे ह्यांचे भाऊबंद."

दानम्मा पुष्कळ वेळ पाहत राहिल्या. मग भिंगावरून डोळा न काढता त्यांनी विचारलं, "ते बिंदगं माळवदाखाली गेलं. त्यातले कोणी वाचले असतील का?"

आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी समीक्षाला असा प्रश्न विचारला होता, ज्याचं उत्तर तिला पुस्तकातून देववेना. "माहीत न्हाई, काकू," ती म्हणाली. "हे मातीत पण राहतात, हवेत पण. वाचले असतील. पण मला नक्की माहीत न्हाई."

"हाव," दानम्मा म्हणाल्या. "नक्की कोणाला म्हाईत असतंय?"

समीक्षाच्या मनात मात्र आता सगळं जुळलं होतं. येळवस का थांबली, तर जुनं बिंदगं गेलं, त्यातले जीव गेले, तशी आंबील पुन्हा होईना. ती उत्साहानं म्हणाली, "काकू, तुमच्या भावकीत कोणाकडं तरी जुनं बिंदगं असंल ना? आपण त्यातलं विरजण आणू. मग तुमची पहिल्यासारखी—"

दानम्मा वळल्या. त्यांच्या चेहऱ्यावर हसू होतं, पण ते समीक्षाच्या अंदाजाचं हसू नव्हतं.

"बिंदग्यापायी थांबले व्हय मी? बिंदगी कुंभाराकडं ढिगानं मिळतात." त्यांनी फडक्याची गाठ सोडली, पुन्हा बांधली. "दुसऱ्यांच्यात बिंदगं घरधनी डोस्क्यावर घेतो. आमच्यात माझी पोरगी चन्नी कोणाला हात लावू देत नव्हती. बापाला म्हनायची, तुमी सांडता. डोस्क्यावर घोंगडीची घडी, तिच्यावर बिंदगं, अन् ही रानापतूर ताठ चालायची. सांडली तर शेजारच्या रानातल्या पोरी हसतात ना. तिच्यामागं मी पाटी घेऊन." त्यांनी बिंदगं मांडीवर सरकवलं. "आंबील करायला काय, आजबी करीन. कोणाच्या डोस्क्यावर देऊ?"

तूबा एक धुतलेली काचपट्टी पुन्हा पुन्हा पुसत होती. समीक्षानं दानम्मांचा हात धरला आणि तिघी जिना उतरल्या.

रात्रीच्या जेवणाला रेवणप्पा आला. धम्मदीपनं वांग्याचं भरीत केलं होतं, हिरव्या मिरचीचं, झणझणीत. दानम्मांनी ते चवीनं खाल्लं, पोराच्या जातीला असं भरीत येतं म्हणून दोनदा नवल केलं. मग भाकरीचा तुकडा मोडता मोडता, कोणाकडंही न पाहता म्हणाल्या, "रेवण, ह्या साली येळवसला आंबील घालते मी. ह्या पोरींनी एवढे जीव पाळलेत, त्यांना रान तर दाखवायला पाहिजे."

रेवणप्पाचा हात ताटावर थांबला. समीक्षाला वाटलं, आता हा उठणार. पण त्यानं ताट पुढं केलं आणि म्हणाला, "वहिनी, अजून एक भाकर वाढा."

येळवसच्या आदल्या दिवशी धम्मदीप जरा घुटमळला. "आपल्यात हे नसतंय. पूजा-बिजा असणार तिथं."

"जेवण बी असणार," समीक्षा म्हणाली. "अन् रेवणप्पा तुझा मित्र हाय."

क्लासमधून सुट्टी मागायला गेला, तर क्लासवाले सरच म्हणाले, "उद्या मी तरी कुठं इथं हाय?"

सकाळी जीपमध्ये दाटीवाटीनं बसून सगळे निघाले. तूबा म्हणाली होती तसंच झालं. शहर मागं ओस पडलं होतं आणि रस्त्यावर सगळ्या गाड्या एकाच दिशेनं, रानाकडं. सायकलींवर पाट्या, बैलगाड्यांत बिंदगी, बिंदग्यांवर चुना अन् कावेचे पट्टे.

भूकंपानंतर वसवलेलं नवं गाव म्हणजे सरळ रस्ते अन् एकसारखी घरं, प्रत्येक दारावर नंबर. समीक्षा दानम्मांच्या घरातून पाणी प्यायला म्हणून बाहेर आली आणि परत जाताना दुसऱ्याच घरात शिरली. तिथल्या बाई हसून म्हणाल्या, "आमचं बी अजून असंच होतंय." दानम्मांनी आदल्या दिवशीच सगळं शिजवून ठेवलं होतं. रान तिथून लांब, जुन्या गावाच्या पलीकडं. तिथवर एका ओळखीच्या बैलगाडीनं गेले. वाटेत जुनं गाव लागलं. बाभळी माजल्या होत्या, त्यांच्या बुडाशी दगडांचे ढीग. दानम्मांनी तिकडं पाहून हात जोडले. गाडीवानानं बैलांना हाकही घातली नाही.

पुढं पाण्याच्या ओढ्यापाशी गाडी थांबली. तिथून बांधावरून पायवाट. दानम्मांनी पाटी उचलली. बिंदगं गाडीतच राहिलं. क्षणभर सगळेच त्याच्याकडं पाहत उभे. समीक्षाचं मन म्हणत होतं, मी घेते म्हण. पण हे आपण म्हणायचं नाही, हे तिला आतून कळलं.

रेवणप्पानं घोंगडीची घडी केली, डोक्यावर ठेवली, खाली वाकला. "दीप, दे उचलून."

धम्मदीपनं बिंदगं त्याच्या डोक्यावर ठेवलं. रेवणप्पा चालायला लागला. उंच माणूस, बांध अरुंद, पायाखाली ढेकळं. चार पावलं नीट गेली. पाचव्याला बिंदगं कललं, आणि आंबील त्याच्या कानावरून, मानेवरून थेट शर्टात शिरली. तो "अरारारा" करत जागेवर थबकला. शेजारच्या हरभऱ्यातल्या पोरी खळाळून हसल्या.

समीक्षानं मागं पाहिलं. दानम्मा पाटी घेऊन थांबल्या होत्या. त्यांचा चेहरा आधी कसनुसा झाला, आणि मग त्या हसायला लागल्या. हसता हसता डोळे वाहत होते, पाटी हिंदकळत होती. "सांडली रं सांडली! बापावर गेलाय! चन्नी, बघ गं, बापावर गेलाय हा!"

रेवणप्पाही हसला. समीक्षानं त्याला पहिल्यांदाच मोकळं हसताना पाहिलं. रानापर्यंत बिंदगं नेलं त्यानंच, पण दर दहा पावलांना थांबून.

खोपीत दानम्मांनी पाच पांडव म्हणून चुना लावलेले पाच दगड मांडले. "तुमचं तुमी बघा," त्या धम्मदीपला म्हणाल्या, "पण जेवायला पंगतीत बसायचं." पूजा होईपर्यंत तिघं बांधावर हुरडा चोळत बसले. मग रेवणप्पा आंबिलीचं भांडं अन् कडुलिंबाचा डहाळा घेऊन रानाभोवती शिंपडत फिरला. सगळ्या रानांतून एकच आरोळी उठत होती, "ओलगे ओलगे सालम पोलगे!"

"ह्याचा अर्थ काय?" समीक्षानं विचारलंच.

कोणालाच ठाऊक नव्हता. तूबा म्हणाली, कानडी असेल. गाडीवान म्हणाला, पांडवांच्या वेळचं असेल. दानम्मा म्हणाल्या, "अर्थ रानाला म्हाईत."

जेवायला बसले. भज्जीत एवढे दाणे होते, की धम्मदीप प्रत्येक घासाला नवीन नाव घेत होता. तूबानं तीनदा खीर घेतली. दोन-तीन दिवसांत रोजे लागणार होते. "महिनाभराचं आजच जेवून घेते," ती म्हणाली. शेवटी आंबील आली. दानम्मांनी पहिला घोट घेतला. समीक्षा त्यांच्या तोंडाकडं पाहत होती, निकाल लागायच्या दिवशी पोरं फळ्याकडं पाहतात तशी.

"पहिल्यावानी न्हाई," दानम्मा म्हणाल्या. दुसरा घोट घेतला. "पण आंबली हाय."

आणि भांडं पुढं केलं, अजून घाला म्हणून.

प्रकल्पाला गुण बेताचेच पडले. बाहेरून आलेले परीक्षक पानं चाळून म्हणाले, "हे स्वयंपाकाचं पुस्तक झालं, बाई." चार घरांच्या आंबिलीत चार तऱ्हेचे जीव सापडले होते, पण त्यामुळंच चव वेगळी लागते, हे सिद्ध करायला तिच्याकडं ना वेळ होता ना साधनं. समीक्षा खोलीवर येऊन रडली. धम्मदीपनं म्हाद्या केला, तोही तिखट, म्हणजे डोळ्यांतल्या पाण्याला निमित्त होईल. तिनं दुसऱ्याच दिवशी नांदेडला एम.एस्सी.ची चौकशी सुरू केली.

उन्हाळ्यात दानम्मांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. रेवणप्पा आता दरसाल येळवसला रानात जातो. तो पाटबंधारे खात्यात लागला आणि त्याचं लग्न ठरवायला धम्मदीपच पुढं होता. समीक्षाला त्यानंतर दोनदाच जाता आलं. बाकीच्या साली एकदा परीक्षा, एकदा बाळंतपण, एकदा नुसतंच राहून गेलं. धम्मदीपचं शिक्षण अन् मग नोकरी लातूरला आणि तिचं शिक्षण नांदेडला, अशी तीन वर्षं त्यांनी शनिवारच्या एसटीवर काढली. भाकरी अन् कोरड्यास दोन गावांत वेगवेगळं होत होतं, आणि दोघांचंही बिघडत होतं.

पुढं देगलूरच्या कॉलेजात ती शिकवायला लागली. बाजारात तेलुगू, कानडी, मराठी तिन्ही कानांवर पडतं, त्यामुळं तिथं विचारायला काही कमी नाही. सध्या ती सरजाबाई नावाच्या एका ताकवालीच्या मागं आहे. सरजाबाईंच्या ताकाला मंद केवड्याचा वास येतो, अन् केवडा तर आसपास कुठं नाही. कोणी म्हणतं चाऱ्याचा गुण, कोणी म्हणतं गाडग्याला धुरी देते. समीक्षानं दोन्ही करून पाहिलं, वास आला नाही. सरजाबाईंना थेट विचारलं, तर त्या म्हणाल्या, "बाई, मला तर कसलाच वास येत न्हाई. उद्या सकाळी या, घुसळताना तुमीच बघा."

समीक्षा जाणार आहे. धम्मदीपला तिनं सांगून ठेवलंय, की उद्याच्या भाकरी त्यानंच थापायच्या.